टेक्सासमधील काउंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क

विवाहाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा एकाच खिडकीवर मिळतो, असे अनेकांना वाटू शकते. टेक्सासपुरते तरी ते पूर्ण बरोबर नाही. तेथे विवाह परवाना आणि जमिनीच्या खरेदीखतांची नोंद ही कामे निवडून आलेल्या काउंटी क्लार्कच्या (काउंटी या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात होतात, तर घटस्फोटाची कागदपत्रे सहसा न्यायालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात (लहान काउंट्यांत ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे असू शकतात). परवाना मिळाल्यावर सामान्यतः ७२ तास थांबावे लागते आणि ९० दिवसांत विवाह न झाल्यास त्याची मुदत संपते, म्हणून भारतातून येणाऱ्या नातेवाइकांची तिकिटे काढण्यापूर्वीच हा हिशेब करावा. भारतात दाखवायच्या दाखल्यावरील अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीचे प्रमाणपत्र) मात्र काउंटी देत नाही. क्लार्ककडून प्रमाणित प्रत घेऊन ती राज्य सचिवांच्या कार्यालयाकडे पाठवावी लागते.