आडवं झालेलं भात पंचनाम्याआधी कापलं तर भरपाई मिळते का?

प्रश्न (डिचोली तालुका, गोवा)
नमस्कार. आमची सरद (पावसाळी) शेती सुमारे 6,000 चौरस मीटर, सगळं ज्योती जातीचं भात. दसरा झाला की कापायचं म्हणून हार्वेस्टरवाल्याला सांगून ठेवलं होतं. पावसाने धरलं ते सोडेना. खालच्या कुणग्यांत (भातखाचरांत) घोटाभर पाणी, भात झोपलंय, कणसांतच कोंब आलेत. यंत्र चिखलात उतरत नाही. माणसं लावून वरचं कापलं तर चार पायल्या भात आणि गायींना गवत तरी मिळेल. घरचे म्हणतात, पंचनामा होईपर्यंत हात लावू नको. तोवर वरचंही कुजेल.

दुसरं, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळ म्हणून अजून सासऱ्यांचं नाव आहे. ते वारले. शेती मी करते, बी-खताचे पैसे माझे. भरपाई कोणाला मिळते? शेजारच्या वहिनींची दुभती म्हैस ओहोळाच्या पुरात गेली, त्यांच्यासाठीही सांगा.

उत्तर 1 (सत्तरी)
ताई, कापा, पण आधी कागद करा. विभागीय कृषी कार्यालयात नुसता फोन नको. लेखी अर्ज द्या, सर्व्हे नंबर, पीक, क्षेत्र लिहा, पोचेचा शिक्का घ्या. लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, शेजारचा माड किंवा पंपघर दिसेल असे. नुसत्या भाताचा फोटो कुठल्याही शेताचा असू शकतो. मग वरचं कापा आणि सगळ्यात वाईट कुणगा तसाच ठेवा.

जुलै 2021 च्या पुरात आमच्या वाड्यावर ज्यांनी पाणी ओसरताच चिखल काढून पुन्हा लावणी केली, त्यांनाच पाहणीच्या वेळी ‘नुकसान कुठे आहे’ असं विचारलं गेलं. कष्ट करणाऱ्यालाच पुरावा द्यावा लागला, याचा राग अजून जात नाही.

उत्तर 2 (निवृत्त कृषी कर्मचारी, फोंडा)
वरचा सल्ला योग्य आहे. गोव्यात शेतकरी आधार निधीतून भाताला हेक्टरी 40,000 रुपये देतात, म्हणजे चौरस मीटरला 4 रुपये. पूर्ण क्षेत्र धरलं तर तुमचे 24,000 होतात. केंद्राच्या आपत्ती निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 आणि बागायतीला 17,000 आहेत, तेही 2 हेक्टरपर्यंत आणि नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच. म्हणून पाहणीला स्वतः हजर राहा, टक्केवारी काय लिहिली ते तिथेच विचारा. पीकविमा असेल तर 72 तासांत कळवावं लागतं, ते आजच करा.

नावाचं म्हणाल तर कृषी कार्ड (कृषी खात्याचं शेतकऱ्याचं कार्ड) तुमच्या नावावर आहे का ते आधी बघा. नसेल तर वारसांची लेखी संमती तयार ठेवा. माझ्या नोकरीच्या काळात पैसे अडकायचे ते बहुतेक याच कागदासाठी.

वहिनींना सांगा, जनावर सापडलं असेल तर पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय पुरू नका. दाखला हवा, कानातला बिल्लाही जपा. दुभत्या म्हशीला केंद्राच्या निकषाने 37,500 रुपये मिळतात. तेवढ्यात नवी म्हैस येत नाही, पण सोडू नका.

उत्तर 3 (तिसवाडी)
आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती. मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या वाटेचं) दार मोडलं नाहीतर बांध फुटला की खारं पाणी आत. कोरगूट जातीचं भात थोडं सोसतं, बाकी पीक जळतं. पैसे मिळतात त्या हंगामाचे, मीठ मात्र जमिनीत राहतं आणि पुढच्या वर्षीही भात भरत नाही. त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? तुमचं पाणी गोडं आहे ताई, वायंगण (पावसाळ्यानंतरचं पीक) तरी साधेल. खालच्या कुणग्यातलं भात बियाण्याला ठेवू नका, ते उगवणार नाही.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. अर्ज दिला, शिक्का घेतला. पाऊस थांबला तर उद्या वरचं कापायला घेते. कृषी कार्डही सासऱ्यांच्याच नावावर निघालं. दोन्ही दीर आणि नणंद संमती द्यायला तयार आहेत, पण एक दीर मुंबईला असतात. त्यांची सही पोस्टाने मागवली तर चालते का, की त्यांना इथे यावंच लागेल?