वेपिंगमधून महिनाभराचा ब्रेक: उपयोग आहे की मनाचं समाधान?

रानवारा:
दोन वर्षं रोज वेप (ई-सिगारेट) ओढत होतो, आज २१ दिवस झाले बंद. पहिले तीन दिवस फार वाईट गेले, डोकं जड, झोप नाही, घरच्यांवर उगाच खेकसणं, आणि नेमकं तेव्हाच वाटतं की वेपमुळेच आपण शांत राहतो. पण निकोटिन रक्तात साधारण २ तासांत निम्मं होतं, ते उतरलं की जी तगमग होते तीच पुढच्या झुरक्याने थांबते, आपण त्याला टेन्शन गेलं म्हणतो. हे मला थांबल्यावरच कळलं. प्रत्येकाने एकदा तरी महिनाभर थांबून बघावं असं ठाम मत झालंय.

कोरडी_विहीर:
प्रत्येकाने? नाही पटत. मी १५ वर्षं सिगारेट ओढली, वेपवर आलो तेव्हा कुठे सुटली. सिगारेटमध्ये तंबाखू जळतो, टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच येतं, इथे जळत काही नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये म्हटलंय की वेपचा धोका सिगारेटच्या ५ टक्क्यांच्या वर जायची शक्यता कमी. मी ब्रेक घेतला आणि चौथ्या दिवशी सिगारेट पेटवली तर?

सांजवेळ:
दादा, तुमचं ठीक, पण माझ्या धाकट्या भावाने सिगारेटला कधी हातही लावला नव्हता, थेट वेप. त्याची तुलना सिगारेटशी का करायची, स्वच्छ हवेशी करा ना! वेपमधलं लिक्विड तापलं की फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलीन अशी विषारी रसायनं तयार होतात, ते तापवणाऱ्या कॉइलमधून निकेल-शिसं येऊ शकतं. २०१९ च्या सुमारास अमेरिकेत फुप्फुसं खराब होऊन ६८ जण गेले, त्यात मुख्यतः गांजाच्या अर्काचं, व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं लिक्विड होतं हे मान्य, पण विकत घेणाऱ्याला आत काय आहे ते कुठे कळत होतं? आणि 'ब्रेक' शब्दच मला आवडत नाही, भाऊ दोनदा ब्रेकवर गेला नि दोन्ही वेळा परत सुरू करायच्या तारखेची वाट बघत बसला.

रानवारा:
@कोरडी_विहीर, बरोबर, 'प्रत्येकाने' मागे घेतो. सिगारेटकडे वळायची भीती असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोलून निकोटिन हळूहळू उतरवा. @सांजवेळ, तारखेचं खरंय, पण मेंदूतले वाढलेले निकोटिन रिसेप्टर (निकोटिन जिथे चिकटतं त्या जागा) खाली यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत परत ओढलं तर माणसाला फक्त त्रासच आठवतो, म्हणून महिना म्हणतोय.

कोरडी_विहीर:
१२ मिलिग्रॅम निकोटिनच्या लिक्विडवरून ६ वर आलोय. ३ चं आणून ठेवलंय, अजून उघडलं नाही.