शाळेतून तक्रार आली की तुम्ही काय केलं? आपापल्या लेकरांचे अनुभव लिहा

पांदणवाट
काल शेजारच्या घरी अंगणवाडीच्या ताई आल्या होत्या. "तुमचा नातू लेकराईले चावते," एवढंच सांगून गेल्या. आजी संध्याकाळपर्यंत रडत होती, पोराला दोन धपाटे बसले ते वेगळेच. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हाचं सगळं वर आलं.

ती फेकायची. पाटी, चप्पल, दुसऱ्याचं दप्तर, हाताला लागेल ते खिडकीबाहेर. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत. बाईंनी मला बोलावलं आणि वहीचं एक पान पुढं केलं. तिनं कधी फेकलं आणि त्याच्या जरा आधी वर्गात काय चाललं होतं, एवढंच त्यावर लिहिलेलं. जवळपास सगळ्या नोंदी खिचडीच्या सुट्टीआधीच्या. निंदणाचे दिवस होते. मी सकाळीच वावरात, सासूबाई म्हशीमागं, पोरगी नुसता काळा चहा पिऊन शाळेत जायची. बाई म्हणाल्या, "डब्यात अर्धी भाकर द्या, प्रार्थना झाली की मी खाऊ घालतो तिले." फेकलेलं दप्तर मात्र तिलाच उचलून, झटकून, नीट भरून द्यायला लावायच्या. न ओरडता, दरवेळी. पूर्ण थांबायला दिवाळी उजाडली.

आजीला हे सांगितलं तर म्हणे, तुझी पोरगी होती, हा पोट्टा आहे. म्हणून विचारते. तीन-चार वर्षांचं चावणारं लेकरू कोणाच्या घरी होतं? काय केलं?

वरणफळ
आमचा चावरा होता!! धाकटीच्या बाळंतपणाले मी माहेरी आन् हा आजीजवळ, तवा सुरू झालं. कुकर लावला आहे, मंग लिहितो.

मेळघाटातला मास्तर
चावणं, ओरबाडणं, ढकलणं. आमच्याकडे पहिलीत जून-जुलैत हे दरवर्षी असतं आणि त्याचं मोठं कारण भाषा आहे. घरी कोरकू बोलणारं लेकरू शाळेत येतं, मी मराठीत बोलतो. कोरकू मराठीच्या जवळची नाहीच, तिचं कूळच वेगळं. शेजाऱ्यानं पेन्सिल घेतली तर "माझी आहे, दे" हे सांगायला त्याच्याकडे मला कळेल असा शब्द नसतो. मग दात लागतात.

पाणी, भूक, दुखतं, माझं, त्यानं मारलं, शी आली, एवढे शब्द मी मुलांकडूनच शिकून घेतले. चौथीतली एक मुलगी पहिलीजवळ बसवली, तिला दोन्ही भाषा येतात. भांडण झालं की ती आधी त्याचं ऐकते आणि मला सांगते. मारामारी बरीच कमी झाली. "उनाड" असा शेरा पडलेली दोन पोरं आता वर्गात सगळ्यात जास्त बोलतात.

मराठी घरातल्या तीन वर्षांच्या लेकराचंही तेच असतं. शब्द कमी, राग मोठा. चावलं की लगेच, थोडक्यात: "चावायचं नाही. त्याला दुखलं." आणि जवळ आधी त्याला घ्यायचं ज्याला चावलं. लांब भाषण त्या वयाला पोचत नाही.

तुरीचं वावर
गुरुजी, राग मानू नका. आमच्या वेळी हिरवी छडी होती आन् पूर्ण वर्ग सरळ होता. आज मास्तरनं हात लावला तं मायबाप शाळेत धावते. मंग लेकरू भेणार कोणाले?

मेळघाटातला मास्तर
राग कसला भाऊ. पण शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षाही नाही आणि मानसिक त्रासही नाही, म्हणजे कोंबडा करणं, वर्गासमोर लाज काढणं हेही त्यात आलं. कायदा बाजूला ठेवला तरी मला भिणारं लेकरू मला पोट दुखतं हेही सांगत नाही. ते मला परवडत नाही.

तुरीचं वावर
हे मात्र बरोबर आहे. आमच्यातला एक जण मास्तरच्या भेवानं वर्गातच चड्डीत करे. पोट्टे हासत. त्यानं दुसरीतच शाळा सोडली.

ठेल्यामागचं घर
माझा मुलगा साडेतीनचा होता, अंगणवाडीत जाऊन शिव्या द्यायचा. साध्या नाही, आई-बहिणीच्या. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा जमीन फाटावी असं झालं. घरात कोणी शिवी देत नाही. मग आला कुठून शब्द?

आमचं घर पानठेल्यामागं. तिथली रिकामी मंडळी याला बोलवायची, "म्हण रे," म्हणायची, यानं म्हटलं की सगळे हासायचे आणि चॉकलेट द्यायची. शिवी दिली की चॉकलेट मिळतं, हे त्या जिवानं बरोबर शिकून घेतलं होतं. त्याला मारून काय उपयोग?

मी डोक्यावर पदर घेऊन ठेल्यावर गेले. सासरे गावात मानाचे, सून ठेल्यावर गेली म्हणून बोलणं झालंच. तिथं सांगितलं, "भाऊजी, तुम्ही हासता आन् माझ्या लेकराचं नाव खराब होते. यानं नमस्कार केला तं चॉकलेट द्या, शिवी दिली तं कोणी पाहू नका त्याच्याकडे." ठेलेवाला भला माणूस, त्यानं सगळ्यांना दटावलं. अंगणवाडीत ताईंनीही तेच केलं. शिवी आली की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, गाणं पुढं चालू. सुरुवातीला जास्तच देऊ लागला, कोणी का हासत नाही म्हणून. ताई म्हणाल्या, "टिकून राहा, इथंच बाया हरतात." टिकलो. विसरला तो.

वरणफळ
ठेल्यावर गेल्या तुम्ही, माय! भारी हिंमत. आमच्या इकडं तं सून पानठेल्याच्या रस्त्यानं जात नाई.

हां, चावऱ्याचं. मी परत आली तरी थांबलं नाई लगेच. मंग शाळेतून आला की धाकटी आजीजवळ आन् मी फक्त त्याच्यासंग, दारात बसून शेंगा सोलाच्या. तेवढा वेळ माय त्याची एकट्याची. बस.

रानमेवा
अंगणवाडीवरून आठवलं, तान्ह्या पोळ्याचे नंदी कोणी बनवून देतं का कारंज्याकडे? छोटा पाहिजे, चाकाचा.

भुईमूग
रानमेवा, सुताराले आत्ताच सांगून ठेवा, पोळ्याच्या हप्त्यात त्याले फुरसत नसते. मागच्या साली आमच्या पोरानं दुसऱ्याचा नंदी ओढला, शिंग मोडलं, दोन्ही आया भांडल्या. पोरं मात्र त्याच मोडक्या नंदीवर मिळून बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसे, मागत फिरली गावभर 😄

कापूसकोंडा
माझा थोडा वेगळा अनुभव आहे, पण सगळ्यांनी वाचा. भाचा दुसरीत. सांगितलेलं ऐकत नाही, हाक मारली तर वळत नाही, मागं बसून खोड्या. शेरा "मुद्दाम करतो". शाळेत तपासणीचं पथक आलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. डॉक्टर बाईंनी विचारलं, याचा कान वाहतो का? वाहायचा ना, पावसाळाभर, आम्ही तेल टाकायचो. त्याला ऐकूच कमी येत होतं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, औषध झालं, तेल बंद, सरांनी पुढच्या रांगेत बसवलं. आता हाकेला "ओ" देतो. मुद्दाम नव्हता करत बिचारा, त्याला मागून नुसता गलका ऐकू यायचा.

पांदणवाट
कापूसकोंडा, शेजारच्या नातवाचाही कान वाहतो! आजी रोज कोमट तेल टाकते. हे पथक अंगणवाडीत येतं का? की जिल्ह्याला न्यावं लागतं?

कापूसकोंडा
अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, शाळेत एकदा. पण वाहणाऱ्या कानाला त्यांची वाट पाहू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथून पुढं पाठवायचं असेल तर चिठ्ठी देतात. आणि तेल आजच बंद करायला सांगा.