घरी बेकन करायचंय: मीठ किती, धूर कसला? सल्ला द्या

पोटोबा_पुणे
मंडळी, विकतचं बेकन (खारवून धूर दिलेलं डुकराचं मांस) तव्यावर टाकलं की आधी पांढरं फेसाळ पाणी सोडतं, मग बिचारं तळायच्या ऐवजी उकडतं आणि शेवटी चिंधीएवढं उरतं. म्हणून यंदा घरीच करायचं ठरवलंय. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात ओळखीचा पोर्कवाला आहे, आधी सांगितलं तर पोटाचा एकसंध पट्टा देतो. गच्चीवर झाकणवाला गोल कोळशाचा बार्बेक्यू आहे, वेगळा स्मोकर नाही. प्रश्न असे की मीठ किती, ते गुलाबी क्युअरिंग सॉल्ट लागतंच का की घरातलं सैंधव चालेल (तेही गुलाबीच असतं, हसू नका), लाकूड कुठलं, आणि एवढा खटाटोप न करता भरताला देतो तसा निखाऱ्यावर तूप टाकून धुंगार दिला तर भागेल का? घरात सासूबाई शाकाहारी, फ्रिज एकच, त्यामुळे पहिल्याच फटक्यात जमायला हवं.

कढीपत्ता
सासूबाईंना लोणचं मुरतंय म्हणून सांगा, खोटं पण नाही 😄

वसईचा_वारा
सहा-सात वर्षं करतोय. आमच्याकडे नाताळच्या इंदयालासाठी (आंबट-तिखट रस्सा) पोर्क येतंच, तेव्हा पोटाचा एक पट्टा मी बाजूला काढतो. सैंधव नको, ते शेवटी नुसतं मीठच, गुलाबीपणा त्यातल्या लोहाचा. क्युअरिंग सॉल्ट नंबर १ मध्ये ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, बाकीचं मीठ, आणि रंग मुद्दाम घातलेला असतो, कुणी चुकून आमटीत टाकू नये म्हणून. दोन नंबरचं आणू नका, त्यात नायट्रेटही असतं, ते महिनोन्महिने टांगून वाळवायच्या प्रकारांसाठी.

मी पहिल्यांदा अंदाजपंचे केलं होतं, सरळ मिठात पुरून ठेवलं, चार दिवसांनी काढलं तर सुक्या बोंबलापेक्षा खारट, आमच्या मांजरीनं एक तुकडा चाटला आणि पाण्याच्या वाटीकडे गेली. तेव्हापासून सगळं वजनावर. एक किलोला २० ग्रॅम साधं मीठ, १० ग्रॅम साखर नाहीतर किसलेला गूळ आणि अडीच ग्रॅम क्युअरिंग सॉल्ट. म्हणजे पट्टा १,४०० ग्रॅम भरला तर २८, १४ आणि साडेतीन. अडीच ग्रॅम किचनच्या काट्यावर धड कळत नाही, सोनं मोजतात तसला छोटा खिशातला काटा ऑनलाइन मिळतो तो घ्या, चमच्यानं मोजायला जाऊ नका. मिरी जाडसर कुटून, तमालपत्र, लसूण हे तुमच्या आवडीनं.

सगळं चोळायचं, झिपच्या पिशवीत हवा काढून भरायचं, पिशवीखाली ताट ठेवायचं (गळलं तर सासूबाईंच्या कोथिंबिरीवर नको) आणि रोज एकदा उलटं करायचं. पाणी सुटेल ते ओतून देऊ नका, मीठ त्यातच आहे. चार-पाच सेंटिमीटर जाडीला सात दिवस पुरतात, मी दहा ठेवतो, कारण मीठ मोजूनच घातलंय म्हटल्यावर दोन-तीन दिवस जास्त झाले तरी खारट होत नाही. शेवटी कडेचा एक काप तळून चव बघायची, खारट वाटलंच तर गार पाण्यात अर्धा तास.

पोटोबा_पुणे
भारी! नायट्राइट गाळलंच तर काय होईल? लोक म्हणतात कॅन्सर होतो. आणि आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते दोन-तीन तास, त्याचं काय?

केमिकलताई
लाइटीचं आधी. फ्रिज चार अंशांच्या आत हवा. दोन-तीन तास दार न उघडता सहज निघतात, फार तर फ्रीझरमधल्या बर्फाच्या पिशव्या शेजारी ठेवा. त्याहून जास्त वेळ जात असेल तर त्या आठवड्यात घाट घालू नका.

नायट्राइट गाळलं तर राखाडी रंगाचं खारवलेलं डुकराचं मटण मिळेल, चवीला वाईट नाही पण बेकन नाही. तो गुलाबी रंग आणि ती ओळखीची चव नायट्राइटचीच. शिवाय धूर देताना मांस तासन्तास कोमट राहतं आणि आजूबाजूला ऑक्सिजन कमी, बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला हेच आवडतं, आणि नायट्राइट त्यालाच अडवतं. (बोट्युलस म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, नाव तिथूनच आलंय.) कॅन्सरचं म्हणाल तर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलंय हे खरंच आहे, तेव्हा रोज नाश्त्याला नको, आणि तळताना मध्यम आच ठेवा, काळं करू नका, नायट्राइटपासूनची कॅन्सरकारक नायट्रोसामाइन्स मोठ्या आचेवरच जास्त तयार होतात.

आता खरी भीतीची गोष्ट. केमिकलच्या दुकानात शुद्ध सोडियम नायट्राइट मिळतं, ते कितीही स्वस्त असलं तरी घरी आणू नका. ते मीठ समजून पडलं तर रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, माणूस निळा पडतो. तयार मिक्स घ्या, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवू नका. जुन्या पाककृतींत सोरा (पोटॅशियम नायट्रेट) सांगितलेला असतो, तो पण नको, त्याचं नायट्राइट जंतू करतात आणि फ्रिजमध्ये ते कधी नि किती होईल याचा भरवसा नसतो.

वसईचा_वारा
+१. मी रिकाम्या औषधाच्या डबीत ठेवतो आणि डबी माळ्यावर.

आता धूर. पिशवीतून काढून धुवा, पुसा आणि रात्रभर जाळीवर फ्रिजमध्ये उघडं ठेवा. हाताला जरा चिकट लागलं पाहिजे, ओल्या मांसावर धूर नीट बसत नाही, काळे ओघळ येतात. तिशीच्या खालचा गार धूर पुण्यात विसरा, उन्हाळ्यात तुमची गच्चीच चाळीस अंश! गरम धूर द्या. निखारे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पाण्याची थाळी, वर मांस, झाकणाचं भोक मांसाच्या डोक्यावर. आतली हवा शंभरच्या आसपास, दोन-तीन तास, आणि पट्ट्याच्या मधोमध ६५ अंश झाले की काढायचं. प्रोब थर्मामीटर हवाच, बोटानं दाबून कळत नाही. लाकूड आंबा किंवा पेरू, वाळलेलं. वखारीतला भुसा घेऊ नका, त्यात प्लायवूडचा किती आणि लाकडाचा किती कोण सांगणार. धूर पातळ निळसर हवा, वाफेचं इंजिन गेल्यासारखे पांढरे लोट आले तर बेकन कडू होतं आणि जीभ बधिर.

धुंगार चालेल, पण मग शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये ६५ पर्यंत शिजवून वरून पाच मिनिटं. वास येईल, पण खोलवर चव नाही.

माडाच्या_सावलीत
आमच्या गोव्यात बेकनचं एवढं नाही, चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज. तिथेही पोर्क आधी मिठात, मग ऊन, मग व्हिनेगर-मिरचीत मुरवून भरायचं आणि चुलीच्या वर टांगायचं, सगळं पावसाळ्याच्या आधी, पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला. दमट हवेत वाळत नाही. तुम्ही पण पावसात धूर द्यायला बसू नका, कोळसाच पेटत नाही धड. आणि वरची जाड कातडी टाकू नका हो, फेजोआदमध्ये घाला, राजम्याला जी चव येते!

लीड्सकर
इकडे बेकन म्हटलं की पाठीचं, बॅक बेकन, कडेला चरबीची नुसती शेपटी. तुमच्या पोर्कवाल्यानं पोटाचा पट्टा नाही दिला तर पाठीचं घ्या, प्रमाण तेच, जाड असेल तर दिवस वाढवा. आणि विकतचं पाणी सोडतं ते खारं पाणी सुयांनी आत भरतात म्हणून, कोरडं चोळून केलं की उलट वजन घटतं.

पोटोबा_पुणे
अपडेट! पट्टा १,३६० ग्रॅम, म्हणून मीठ २७, गूळ साडेतेरा, क्युअरिंग सॉल्ट ३.४. नऊ दिवस ठेवलं. आंब्याच्या फांद्या वाळलेल्या मिळाल्या, तरी पहिला अर्धा तास पांढरा धूर होता, मग खालची भोकं उघडली तेव्हा सुधारला. खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन विचारून गेले की काही जळतंय का, त्यांनाही दोन काप दिले. अडीच तासांत ६५. रात्रभर गार केलं, अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून कापलं म्हणून पातळ काप आले. तव्यावर पाणी अजिबात नाही! फक्त गुळामुळे कडा लवकर काळ्या होतात, पुढच्या वेळी गूळ निम्मा. सासूबाईंनी फ्रिज उघडून एवढंच विचारलं की लोणच्याला धुराचा वास कसा काय.

कढीपत्ता
म्हणजे माझाच सल्ला पाळला ना शेवटी