वेग हा गुणच का मानावा?
गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड टेकडीवर भराभर वाढते म्हणून तेच लावावे, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही, कारण झपाट्याने वाढणे हेच बहुतेक आक्रमक वनस्पतींचे लक्षण आहे. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजर गवत पाहा: रुजल्यावर महिना-दीड महिन्यात फुलणारे त्याचे एकेक रोप हजारो हलक्या बिया टाकते, शिवाय त्यातील पार्थेनिन हे रसायन शेजारच्या रोपांची उगवण रोखते. याउलट मुरमाड, उथळ मातीत उन्हाळा काढणारी मेडशिंगी (एक देशी झाड) आपली कमाई आधी मुळांत घालते, त्यामुळे वर दिसायला ती संथ वाटते. परकी प्रत्येक वनस्पती आक्रमक असते असे मात्र नाही. चिंच आफ्रिकेतली, पण तिने आपली राने गिळली नाहीत. उकरलेल्या, उघड्या जमिनीवर वेगवान रोपांचीच सरशी होते, तेव्हा रोपणासाठी टेकडीवर जेसीबी फिरवणे आधी थांबवावे.