प्रतिसाद: निबंध पालकांनी लिहून द्यावा का?
मुलांना सुचतच नाही म्हणून आम्ही लिहून देतो, असं वर दोघातिघांनी म्हटलंय. नाही पटलं बुवा. मालवणकडच्या पोराला ‘पावसाळा’ विषय दिला की तो गाइडातली वर्षाराणी उतरवून काढतो, हे खरं. पण त्यालाच विचारा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा होडीचं काय करता? मग ऐका! ती वर कशी ओढतात, झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, कशी शाकारतात, पडवीत जाळी दुरुस्त करताना आजोबा कुणाला शिव्या घालतात... (शिव्या गाळायला सांगा.) हेच त्याला लिहू द्या, पहिला खर्डा मालवणीत झाला तरी चालेल. ऱ्हस्वदीर्घ नंतर बघू. पेन मात्र त्याच्याच हातात हवं. आणि शहरातून बदलून आलेल्या बाईंना झाप कळला नाही, तर विचारतील त्यालाच.