'पेशीबाह्य' की 'पृष्ठबद्ध'? जीवाणूंच्या विकरांसाठी नेमका शब्द

सातरस्ता (सोलापूर):
बीएस्सीच्या मराठी टिपणात जीवाणूंच्या पृष्ठभागावरच्या विकरांना (एन्झाइम्सना) 'पेशीबाह्य विकरे' म्हटलं आहे. हे चालेल का? आणि 'सॉर्टेझ'ला (प्रथिनं पेशीभित्तिकेला जोडणाऱ्या विकराला) मराठीत काय म्हणावं? कुणीतरी 'वर्गक विकर' सुचवलंय.

होटगीरोड:
'पेशीबाह्य' नको. पेशीबाह्य विकर पेशीने बाहेर सोडलेलं असतं आणि माध्यमात सुटं फिरतं, जसं बॅसिलस सबटिलिसचं अमायलेझ. पृष्ठभागावरचं विकर पेशीला बांधलेलं असतं, म्हणून 'पृष्ठबद्ध'. ('पृष्ठीय'मधून फक्त जागा कळते.)

प्रयोगशाळेत हा फरक तपासता येतो. संवर्धद्रव सेंट्रिफ्यूज करा. विकराची क्रिया वरच्या निवळीत मिळाली तर पेशीबाह्य, तळाच्या धुतलेल्या अख्ख्या पेशींवर मिळाली तर पृष्ठबद्ध. पेशी फुटल्या असतील तर आतली विकरंही निवळीत उतरतात आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून लॅक्टेट डिहायड्रोजनेझसारखं एखादं आतलं विकर निवळीत आलंय का, हे आधी बघायचं.

नवीपेठ:
कशाला बद्ध, तेही लिहा. 'आवरण' हा एकच शब्द प्रद्रव्यपटल (पेशीद्रव्याभोवतीचा पातळ पडदा, मेम्ब्रेन) आणि पेशीभित्तिका (त्याबाहेरची भिंत, सेल वॉल) या दोन्हींसाठी वापरला की सगळा घोळ होतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं सॉर्टेझ ए स्वतः पटलबद्ध असतं. २०६ अमिनो आम्लांचं हे विकर एका टोकाने पटलात रुतलेलं असतं आणि त्याचा काम करणारा भाग बाहेर असतो. बाहेर येणाऱ्या प्रथिनाच्या शेपटाजवळ ते ल्युसीन, प्रोलीन, कोणतंही एक अमिनो आम्ल, थ्रिओनीन, ग्लायसीन ही खूण ओळखतं आणि थ्रिओनीन व ग्लायसीनच्या मधोमध कापतं. कापलेलं टोक १८४व्या जागेवरच्या सिस्टीनवर क्षणभर धरून ते भित्तिकेच्या घटकातल्या पाच ग्लायसीनच्या साखळीला जोडतं. ते प्रथिन झालं भित्तिबद्ध.

आपल्याकडच्या टेरी टॉवेलचे लूप आठवा: लूप बाहेर उभा, पाय मूळ विणीत अडकलेला. इथे वर्गवारी काहीच होत नाही, म्हणून 'वर्गक' दिशाभूल करतो. 'प्रथिनछेदक'ही अपुरा, कारण जोडणं राहून जातं. 'सॉर्टेझ' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'भित्तिबंधक विकर' असा खुलासा द्यावा.

सातरस्ता:
विद्यार्थ्यांना ओळखीचं वाटेल असं भित्तिबद्ध विकराचं उदाहरण?

होटगीरोड:
दही. लॅक्टोकॉकस लॅक्टिसचं पीआरटीपी हे प्रथिनछेदक विकर याच खुणेने भित्तिकेला बांधलेलं असतं. दुधात सुटी अमिनो आम्लं फार कमी, म्हणून ते केसीन या दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करतं आणि पेशी ते तुकडे आत ओढून घेते. विकर दारातच असल्यामुळे खाद्य वाहून जात नाही. याचा जनुक बहुधा प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनएवर) असतो. प्लाझ्मिड गळालं की तो वाण दुधात सावकाश वाढतो आणि दही लागायला वेळ लागतो.

वर दिलेल्या चाचणीत इथे एक धोका आहे. कॅल्शियम नसलेल्या बफरने पेशी धुतल्या तर हे विकर स्वतःलाच कापून सुटं होतं. मग क्रिया निवळीत दिसते आणि भित्तिबद्ध विकराला आपण पेशीबाह्य ठरवून बसतो. धुण्याच्या बफरमध्ये कॅल्शियम क्लोराइड असू द्या.

नवीपेठ:
आणि 'भित्तिबद्ध' सरसकट वापरू नका. ई. कोलायचं ओम्पटी हे प्रथिनछेदक विकर बाह्यपटलात (भित्तिकेबाहेरच्या दुसऱ्या पटलात) बसलेलं असतं, त्याला 'बाह्यपटलबद्ध'च म्हणावं. प्रथिन शुद्ध करताना पेशी फोडल्या की ते हव्या असलेल्या प्रथिनालाही कापतं. ई. कोलायच्या बीएल२१ वाणात ओम्पटी नसतं, त्यामुळे या कामाला तो वाण बरा.